वावरातलं, घरातलं, पारावरचं मौन: रोजच्या दिवसात शांत बसण्याची सवय कशी लावावी

खेड्यात राहतो म्हणजे शांततेत राहतो, हा समज पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा. गावच्या माणसाला विचारा. पहाटे भोंगा, मग भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली हाळी, शेजारच्या पोराच्या मोबाईलवरचे रील्स, दिवसभर कोणी बघत नसतानाही सुरू असलेला टीव्ही, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशर आणि लग्नसराईत डीजे. त्यातच शेतीची थ्री फेज लाईन रात्रीच्या पाळीत आली की झोपेचं जे व्हायचं ते होतं. आवाजाच्या बाबतीत अकोला-यवतमाळकडचं मध्यम गाव आता तालुक्याच्या गावापेक्षा फार मागे नाही.

खेड्याच्या दिवसात मात्र एक गोष्ट अजून शिल्लक आहे, ती म्हणजे थांबणं. सरीच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत थांबायचं, लाईन येईपर्यंत थांबायचं, एसटीसाठी, दळणासाठी, दूध वर येईपर्यंत थांबायचं. हे थांबे पूर्वी रिकामे असत. आता तिथे फोन आला आहे. त्यामुळे मौनासाठी नवा वेळ काढायची गरज नाही, भरून गेलेले हे थांबे परत रिकामे करायचे आहेत. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं याच धाग्यावर आहे.

काय मिळतं, काय नाही

आवाज हा शरीराला इशारा असतो. मोठा किंवा अचानक आवाज झाला की नाडी वाढते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात. झोपेतही हे घडतं, माणूस जागा झाला नाही तरी. आवाज थांबला की उलटा प्रवास सुरू होतो. इटलीतल्या पाविया विद्यापीठातले लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये संगीताचा हृदयावर आणि श्वासावर होणारा परिणाम तपासला. गंमत अशी की तुकड्यांच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीपेक्षाही खाली आले. त्या अभ्यासात फक्त 24 जण होते, तेव्हा त्यावर डोंगर उभा करू नये. तरी दोन मिनिटंही वाया जात नाहीत, एवढं त्यातून घेता येतं.

स्थिर बसून श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते, हे तर स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहता येतं. बाकी मौनाने कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही, बीपीची गोळी सुटत नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मौनाने एवढं होतं की भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणं सुरू झालं तर पहिलं वाक्य तोंडातून निघण्याआधी क्षणभर जागा मिळते. ज्यांनी धुऱ्याची भांडणं कोर्टात जाताना पाहिली आहेत त्यांना या क्षणाची किंमत वेगळी सांगायला नको.

आधी दोन दिवस नुसतं ऐका

काहीही बदलायच्या आधी दोन दिवस घरातले आणि आसपासचे आवाज कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढा. पुढे तीन खुणा करा: हा आवाज मी करतो, हा घरातलं दुसरं कोणी करतं, हा गावाचा आहे. बहुतेकांची पहिली यादी त्यांना वाटते त्यापेक्षा लांब निघते. जेवताना स्पीकरवर लावलेला व्हिडिओ, ग्रुपवर आलेल्या प्रत्येक ‘शुभ सकाळ’ची टिंग, रिकाम्या खोलीतला टीव्ही.

सुरुवात या पहिल्या यादीपासून करा. गावाचा भोंगा बंद करायला निघालेला माणूस घरातला टीव्ही तसाच ठेवून निघतो, हे नेहमीचं दृश्य आहे.

फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय असते. ती लावताना घरचे, गडी आणि दवाखान्यात कोणी असेल तर त्याच्याजवळचा माणूस असे मोजके नंबर वगळून ठेवा, म्हणजे त्यांचा फोन वाजेल. नाहीतर दुसऱ्याच दिवशी भीतीने ती सोय बंद होते. ग्रुप सगळे म्यूट. बाजारभावाचा ग्रुपसुद्धा, कापसाचा भाव पाच मिनिटांत बदलून जात नाही.

पहिला थांबा निवडा

एकच निवडा, आणि रोज येणारा निवडा. काही ठिकाणी हे सहज जमतं.

गोठा ही सगळ्यांत चांगली जागा. दूध काढताना फोन बाहेर ठेवा, रेडिओ बंद, बोलणं बंद. इथे तुमच्याबरोबर जनावराचाही फायदा आहे. गाय-म्हैस बिचकली की तिच्या शरीरात ताणाचं संप्रेरक उतरतं आणि पान्हा सोडणारं संप्रेरक अडतं. गाय पान्हा चोरते म्हणतो ते पुष्कळदा हेच असतं. दूध काढायला बसलेला माणूस आधीच एका जागी, एका लयीत असतो. वेगळं आसन घालायला नको.

ओलीत करताना. एक सरी भरेपर्यंत धुऱ्यावर बसणं होतंच. तेवढा वेळ फोन खिशात ठेवून पाण्याकडे आणि मोटरीच्या आवाजाकडे लक्ष द्या. विहिरीचं पाणी खाली गेलं, पंप हवा ओढायला लागला की आवाज बदलतो. तो आवाज ओळखणाऱ्याची मोटर जळण्यापासून वाचते. कपाशीतून फेरी मारतानाही असंच करा. मान फोनमध्ये घालून चालणाऱ्याला डोमकळी (अळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल) दिसत नाही, आणि डोमकळी उशिरा दिसली म्हणजे गुलाबी बोंडअळी आधीच आत गेली.

फाट्यावर एसटीची वाट पाहणं हाही रोजचा थांबा, पण तिथे ओळखीचा माणूस भेटणारच आणि त्याच्याशी न बोलणं गावात शोभत नाही. तेव्हा तो सोडा.

वेचणीच्या वेळी बायांमध्ये मौनाचा प्रयोग कोणी करू नये. ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बायांची बोलाचाली, थट्टा, गाणी हाच त्या कामातला विसावा असतो. बांधावर उभं राहून ‘गप्प कापूस वेचा’ म्हणणाऱ्या मालकाला शांततेतलं काही कळलेलं नसतं.

बसायचं कसं

बसणं सोपं आहे, म्हणूनच लोक त्यात नाही ते घालतात. उदबत्ती नको, ॲप नको, विशिष्ट दिशा नको.

बाज, ओसरीची पायरी, खुर्ची, काहीही चालेल. बंगई (झोपाळा) मात्र नको, ती हलते आणि पाय आपोआप जमिनीला रेटा देत राहतात. गुडघे दुखत असतील तर मांडी घालायचा हट्ट सोडा. पाठ भिंतीला टेकली तरी हरकत नाही, फक्त इतकं आरामात बसू नका की डुलकी लागेल. डुलकी लागलीच तर समजा की झोप कमी पडते आहे आणि त्या दिवशी झोपून घ्या. रात्री ओलीत करून आलेल्याला मौनापेक्षा झोपेची गरज जास्त असते.

हात मांडीवर ठेवा. डोळे मिटून बेचैनी वाटत असेल तर अर्धे उघडे ठेवून समोर चार हातांवर जमिनीकडे पाहा. पहिले काही श्वास थोडे लांब सोडा; घेताना मनात तीनपर्यंत मोजलं तर सोडताना पाचपर्यंत. मग मोजणं सोडून द्या आणि फक्त कानावर येईल ते ऐका. आधी लांबचं: रस्त्यावरचा ट्रॅक्टर, टिटवी. मग जवळचं: पाल, मडक्यातून झिरपून पडणारा थेंब. मग स्वतःचा श्वास. आवाजांना नावं ठेवायची नाहीत, चांगला-वाईट ठरवायचं नाही.

विचार येणारच. सोसायटीचा हप्ता, पोरीची फी, सासरहून आलेला निरोप. विचार आला हे लक्षात आलं की परत कानाकडे यायचं. पाच मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तरी बसणं बिघडलं असं समजू नका, हे परत येणं हाच सराव आहे.

पहिला आठवडा दोन मिनिटं पुरेत. दुसऱ्या आठवड्यात पाच. महिना झाल्यावर जमलं तर दहा-पंधरा. पहिल्याच दिवशी अर्धा तास बसणारे सहसा चौथ्या दिवशी दिसत नाहीत. वेळ लावायला गजर नको, तो कर्कश वाजला की कमावलेलं जातं. कुकरच्या शिट्ट्या, एक सरी, एका म्हशीचं दूध अशी मापं घ्या.

कानात सतत शीळ वाजणाऱ्यांना पूर्ण शांतता उलट त्रास देते. त्यांनी पंख्याचा किंवा वाहत्या पाण्याचा हलका आवाज सोबतीला ठेवावा.

आणि दोन-चार दिवस बसल्यावर जुनं दुःख वर येऊन छाती भरून आली, धडधड वाढली, तर डोळे उघडा, उठा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर बसणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

घरच्यांना आधी सांगून ठेवा

न सांगता गप्प झालात तर घरात गोंधळ ठरलेला. “काहून वो मायबाई, कोनावर रुसली काय?” हा पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवशी सासूबाई धाकट्या जावेला विचारतात, तिसऱ्या दिवशी माहेरी फोन जातो. म्हणून स्पष्ट सांगा: “मी सकाळी चहानंतर दहा मिनिटं बोलणार नाही. राग नाही काही. आग लागली तर हाक मारा.”

रागाने बोलणं टाकणं आणि ठरवून मौन पाळणं यांत घराला फरक दिसला पाहिजे. भांडण झाल्या दिवशी मौन सुरू करू नका, ते घरच्यांना शिक्षेसारखं वाटतं. भांडणानंतर आधी बोलून मोकळं व्हा.

आठवड्यातून अर्ध्या दिवसाचं मौन करून पाहायचं असेल तर आपल्याच वर्धा जिल्ह्यात त्याचा नमुना आहे. गांधीजी 1936 मध्ये तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. सोमवारी ते मौन पाळत आणि अगदी गरजेचं असेल ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देत. देशाचे पुढारी भेटायला आले असले तरी. पवनारच्या धाम नदीकाठी विनोबांनी तर 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभराचं मौन घेतलं. आपल्याला एवढ्या लांब जायचं नाही, चिठ्ठीची युक्ती मात्र उचलावी. लिहावं लागलं की निम्मं बोलणं अनावश्यक होतं हे आपोआप कळतं. इगतपुरीसारख्या केंद्रांवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं असतात आणि त्यांत बहुतेक दिवस मौन असतं, पण रोजची पाच मिनिटं अंगवळणी पडण्याआधी तिकडे धाव घेऊ नये.

घरातल्या बाईने कसं जमवावं

यावर लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि ते सहज म्हणतात, पहाटे चारला उठा. विदर्भातल्या शेतकरी घरातली बाई तशीही पाचच्या आत उठलेली असते. तिला अजून लवकर उठवणं हा सल्ला नव्हे.

तिची खरी अडचण वेळ एवढीच नाही. पुरुष ओसरीवर बसला तर तो बसलेला असतो. बाई बसली तर ती ‘रिकामी’ असते आणि तिला काम सांगितलं जातं. म्हणून तिचा थांबा घरच्या नजरेला कामाचा वाटेल असा निवडावा लागतो. चूल किंवा गॅसजवळ दूध तापवताना उभं राहणं, दुपारी धान्य निवडायला घेतलेलं सूप मांडीवर ठेवून बसणं, नळावर पाण्याचा गुंड (घागर) भरेपर्यंतचा वेळ. हात गुंतलेला असू द्या, कान मोकळा ठेवा.

पण हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी करायचं. दिवसातून पंधरा मिनिटं लेकरू, दार आणि फोन दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं. तिची ही पंधरा मिनिटं वेळ ठरवून द्या, ‘बसत जा ना मग’ एवढं म्हणून ती मिळत नाहीत. घरात मौनाची सवय रुजते आहे का, हे बाबाजी किती वेळ डोळे मिटून बसले यावरून ओळखू नये. घरातल्या सुनेला बसायला मिळालं का ते पाहावं.

मुलांसाठी मौन हा शब्दही वापरू नका. ‘कोणाला जास्त आवाज ऐकू येतात’ असा खेळ दोन मिनिटं खेळा. पाचवी-सहावीतली पोरं कोतवाल आणि साळुंकी आवाजावरून ओळखायला लागतात.

गावाने मिळून

एकट्याची सवय सुटते, चौघांची टिकते. आपल्याकडे याची वहिवाट आहेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांत सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चालते. महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. हजारोंचा जमाव, आणि कोणी हलत नाही. ज्याने ते एकदा अनुभवलं त्याला गर्दीतली शांतता म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या गावात मंडळ असेल तर प्रार्थनेआधी पाच मिनिटं जाऊन नुसतं बसा. बुद्ध विहार असेल तर वंदनेनंतर सगळे लगेच उठतात, तिथे आणखी पाच मिनिटं बसायचं ठरवता येतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, मुलांच्या अभ्यासासाठी. हे ग्रामसभेत ठरवून करण्यासारखं आहे. सुरुवात अर्ध्या तासाने आणि परीक्षेच्या महिन्याने करा. दंड ठेवू नका, दंडाने भांडणं वाढतात.

लाऊडस्पीकरचा विषय वेगळा आणि नाजूक. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि दवाखाना-शाळेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. 112 वर तक्रार करता येते. पण गावात राहायचं असेल तर वरात निघाल्यावर फोन करण्यापेक्षा लग्नपत्रिका हातात पडते तेव्हाच नवरदेवाच्या बापाला गाठा. “काकाजी, आमच्या घरी म्हातारी माय आहे, आमच्या दारापुढे तेवढा डीजे बारीक करा” असं आधी सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. आणि सगळ्या धर्मांच्या, सगळ्या मंडळांच्या भोंग्यांना एकच नियम लावायची तयारी नसेल तर हा विषय काढूच नका.

थ्रेशरजवळ हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे असं समजा. कानाच्या आतल्या ज्या पेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आपण कापसाच्या मुलखातले, म्हणून बोंड फोडून कानात बोळा कोंबतो, पण साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात. चिमटीत दाबून, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे.

कुठे बसू नये

चंद्रपूर, गडचिरोलीत आणि जंगलाला लागून असलेल्या कोणत्याही शिवारात पहाटे किंवा दिवेलागणीला एकट्याने वाकून, डोळे मिटून बसणं म्हणजे जिवाशी खेळ. मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाचे हल्ले होतात ते पुष्कळदा वाकलेल्या, बसलेल्या माणसांवर. तिथे मौन घरात, दार लावून. बाकी शिवारातही दगडांच्या ढिगावर, कडब्याच्या गंजीला टेकून बसू नका. विंचू, घोणस, मण्यार यांची ती घरं. रात्री ओलिताला बूट आणि बॅटरी हवीच. पावसाळ्यात आभाळ गडगडायला लागलं की एकट्या झाडाखालून उठून पक्क्या घरात या.

जी शांतता चांगली नसते

आपल्या भागात हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बोलका माणूस एकाएकी गप्प झाला, जेवण कमी झालं, वावरात जाईनासा झाला, पारावर येणं सोडलं, सारखा ‘आता काय उरलं’ म्हणायला लागला, तर त्याला मौन शिकवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा: “भाऊ, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येऊन राहिला काय?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. फवारणीचं औषध त्याच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं. ग्रामीण रुग्णालयात घेऊन जायचं तर सोबत जा.

ऋतूप्रमाणे वेळ बदला

मृग लागला की सकाळचा वेळ पेरणीत जातो, तेव्हा रात्री जेवणानंतर बसा. पावसाचा आवाज आयता मिळतो. सोंगणी आणि मळणीच्या दिवसांत दोन मिनिटांवर या, पण सोडू नका. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या ओलिताला धुरा आहेच. रानडुकरांच्या जागलीला गेलात तर फटाक्यांच्या मधल्या वेळात कान उघडे ठेवणं हे तसंही कामच असतं. उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत), सकाळी सहाच्या आत किंवा मग रात्री उशिरा अंगणात बाज टाकून. दुपारी कूलर बंद करून बसायचा अघोरीपणा नको. त्याची एकसारखी घरघर काही मिनिटांत मागे पडते. स्टँड खडखडत असेल तर चारी पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा आणि पंख्याच्या जाळीचे स्क्रू आवळून घ्या.